दुसरी तार कोठे आहे? : शालेय विद्यार्थ्यांसाठी विजेचे खेळ आणि कुरुंदा परिसराचे अनुभवविश्व

प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा हे ऊस, केळी आणि हळद पिकविणाऱ्या पट्ट्यातील गाव होय. अशा गावातील मुलाची विजेशी पहिली ओळख पाठ्यपुस्तकातून होत नाही. ती विहिरीवरील स्टार्टरपासून, गावाबाहेरच्या डीपीच्या गुणगुणण्यापासून, वडिलांच्या खिशातील टेस्टरपासून आणि 'तिकडे जाऊ नको, करंट लागेल' या आईच्या ओरडण्यापासून होते. शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षे रात्रीच्या पाळीत मिळत आल्याने अंधारात, ओल्या बांधावरून स्टार्टरकडे जाणे हा तेथील कुटुंबांच्या नित्यक्रमाचा भाग राहिला आहे. शाळेत येणारे मूल विजेविषयी कोरी पाटी घेऊन येत नाही. त्याच्याजवळ बरेच अनुभव असतात आणि त्या अनुभवांतून त्याने स्वतःच काढलेले काही निष्कर्षही असतात.

विज्ञान प्रसाराच्या निमित्ताने महाविद्यालयांतील प्राध्यापक आणि विद्यार्थी जेव्हा परिसरातील शाळांमध्ये विजेचे प्रयोग घेऊन जातात, तेव्हा या निष्कर्षांची दखल सहसा घेतली जात नाही. दिवा पेटतो, पंखा फिरतो, मुले टाळ्या वाजवितात आणि कार्यक्रम संपतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, विजेच्या खेळांचे खरे प्रयोजन मुलाच्या मनातील एका विशिष्ट समजुतीला हात घालणे हे आहे. ती समजूत म्हणजे 'वीज एका तारेने येते आणि वापरली जाऊन संपते'. ही समजूत परीक्षेत दोन गुण घालविते, परंतु कुरुंद्यासारख्या बागायती गावात ती प्राणही घालवू शकते. म्हणून तिचा विचार किंचित विस्ताराने करणे आवश्यक वाटते.

एका तारेची समजूत

न्यूझीलंडमधील संशोधक रॉजर ऑसबॉर्न यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी शालेय मुलांच्या विद्युत परिपथाविषयीच्या कल्पनांचा अभ्यास केला. त्यातून चार प्रकारच्या कल्पना पुढे आल्या. पहिल्या कल्पनेनुसार घटाच्या एकाच टोकापासून वीज दिव्याकडे जाते आणि दुसरी तार असलीच तर ती नाममात्र असते. दुसरीनुसार दोन्ही टोकांकडून दोन प्रवाह येतात आणि दिव्यात त्यांची टक्कर होऊन प्रकाश पडतो. तिसरीनुसार प्रवाह वर्तुळाकार फिरतो, मात्र दिव्यात त्याचा काही अंश खर्च होतो आणि परतीच्या तारेत कमी प्रवाह उरतो. चौथी कल्पना शास्त्रीय असून तीनुसार प्रवाह परिपथात सर्वत्र सारखाच असतो. पुढे अनेक देशांत अशाच स्वरूपाची निरीक्षणे नोंदविली गेली. त्यामुळे ही समजूत एखाद्या प्रदेशाच्या मागासलेपणाची खूण मानण्याचे कारण नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेतून येतो. १९९७ च्या 'माइंड्स ऑफ अवर ओन' या शैक्षणिक माहितीपटात नामवंत विद्यापीठांतून नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणांच्या हाती एक घट, एक छोटा दिवा आणि एक तार देऊन दिवा पेटवून दाखविण्यास सांगितले होते. पदवीचे झगे घातलेले ते तरुण गोंधळले आणि त्यांतील कित्येकांना दिवा पेटविता आला नाही. ओहमचा नियम वापरून उदाहरणे सोडविणे आणि दिव्याची दुसरी बाजू नेमकी कोठे आहे हे ठाऊक असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या पदवी वर्गातही हाच प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही. मात्र त्यासाठी प्राध्यापकांनी थोडे धैर्य बाळगावे लागेल.

पहिला खेळ : एक घट, एक दिवा, एक तार

या खेळात मुलांना सूचना द्यावयाच्या नसतात. दोघा-तिघांच्या गटाला १.५ व्होल्टचा एक घट, टॉर्चचा तंतू असलेला एक दिवा आणि वीतभर तार द्यावी. तारेची टोके आधीच खरवडून ठेवावीत, अन्यथा अपयशाचे श्रेय भलत्याच कारणाला मिळते. बहुतेक गट प्रथम दिव्याचे बूड आणि घटाचे वरचे टोक यांना तार लावतात. दिवा पेटत नाही. मग 'सेल उतरला आहे' अशी तक्रार येते. त्या वेळी शिक्षकाने घट बदलून द्यावा, उत्तर देऊ नये. काही मिनिटांत कोणाचा तरी दिवा अकस्मात पेटतो आणि मग संपूर्ण वर्ग त्या गटाभोवती जमतो.

दिवा पेटविण्याच्या मांडण्या एकूण चार आहेत : दिव्याचे बूड किंवा त्याची धातूची कड घटाच्या वरच्या किंवा खालच्या टोकाला टेकवावयाची आणि उरलेली दोन टोके तारेने जोडावयाची. पेटणाऱ्या आणि न पेटणाऱ्या सर्व मांडण्यांची चित्रे मुलांनी पाटीवर काढावीत. त्यातून दिव्यालाही घटासारखीच दोन टोके असतात, हा निष्कर्ष मुलांच्याच तोंडून येतो. तंतूचे एक टोक बुडाच्या डाखाशी आणि दुसरे कडेच्या धातूशी जोडलेले असते, हे दाखविण्यासाठी शिक्षकाने एक निकामी दिवा कापडात गुंडाळून फोडून दाखविला तरी पुरे.

येथे एका अडचणीचा उल्लेख केला पाहिजे. टॉर्चमध्ये आता सर्रास एलईडी असतात आणि तंतूचे छोटे दिवे तालुक्याच्या बाजारात शोधावे लागतात. एलईडी स्वस्त आणि टिकाऊ असला तरी या पहिल्या खेळाला तो उपयोगाचा नाही. तो एकाच दिशेने प्रवाह वाहू देतो, लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट आणि पांढऱ्याला सुमारे ३ व्होल्ट लागतात, म्हणून एका घटावर तो पेटतच नाही. शिवाय त्याच्या आत डोळ्यांना दिसेल असा तंतू नसतो. तंतूच्या दिव्यात प्रवाहाची वाट दिसते. ते दिवे बाजारातून पुरते नाहीसे होण्यापूर्वी महाविद्यालयाने पन्नासेक घेऊन ठेवावेत, असे सुचवावेसे वाटते.

दिवा पेटला म्हणजे पहिली कल्पना मोडते, परंतु तिसरी शाबूत राहते. तिच्यासाठी दोन घट आणि दोन सारखे दिवे एकसर जोडावयाचे आणि कळ दाबण्यापूर्वी विचारावयाचे : कोणता दिवा अधिक उजळ पेटेल? 'पहिला' हे उत्तर हमखास येते, कारण पहिल्याने वीज खाल्ल्यावर दुसऱ्याला कमी उरणार. दोन्ही सारखेच पेटले तर वाद मिटतो. प्रत्यक्षात बाजारातील दोन 'सारखे' दिवे क्वचितच सारखे असतात आणि एक किंचित मंद पेटतो. तो दुर्दैवाने दुसऱ्या स्थानी असेल तर मुलांची चुकीची कल्पना अधिकच पक्की होते. अशा वेळी सारवासारव न करता दिव्यांच्या जागा बदलाव्यात. मंद दिवा पहिल्या स्थानीही मंदच राहतो. दोष दिव्याचा असून स्थानाचा नाही, हे त्यावरून उघड होते. प्रयोग 'बिघडल्या'मुळे हाती आलेला हा पुरावा सुरळीत प्रयोगापेक्षा अधिक पटणारा ठरतो.

शेतातील एक तार

आता मुख्य अडचणीकडे वळता येईल. समजा, मुलाने वर्गात मान्य केले की दिव्याला दोन तारा लागतात. शाळा सुटल्यावर तो शेतात जातो आणि तेथे त्याला काय दिसते?

तेथे एका फेजच्या तारेवर आकडा टाकून गोठ्यातला दिवा पेटविलेला असू शकतो. दिव्याची दुसरी तार ओल्या जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधलेली असते. शेताभोवती रानडुकरांसाठी झटका मशीनचे कुंपण असते, त्याची तार एकच असते आणि तरी जनावराला झटका बसतो. वायरमन टेस्टरचे टोक एकाच छिद्रात घालतो आणि आतला दिवा लुकलुकतो. तिन्ही ठिकाणी एका तारेनेच काम भागलेले दिसते. मुलाच्या दृष्टीने शाळेतील दोन तारांचा नियम शाळेपुरताच खरा ठरतो. अनुभव आणि पुस्तक यांत विरोध आला की मूल अनुभवावर विश्वास ठेवते, आणि त्यात त्याची चूक नाही.

वस्तुतः या तिन्ही उदाहरणांत दुसरी तार असते. ती म्हणजे जमीन. गावाला वीज पुरविणाऱ्या रोहित्राचा, म्हणजे लोकांच्या भाषेतील डीपीचा, तटस्थ बिंदू मुद्दाम जमिनीशी जोडलेला असतो. त्यामुळे फेजच्या तारेतून निघालेला प्रवाह दिव्यातून सळईत, सळईतून मातीत आणि मातीतून डीपीच्या भूसंपर्कापर्यंत परत जाऊ शकतो. झटका मशीनचेही एक टोक कुंपणाला आणि दुसरे जमिनीत पुरलेल्या सळईला जोडलेले असते. जनावर कुंपण आणि जमीन यांमधील पूल होते. टेस्टरमध्ये हाच पूल माणसाचे शरीर बनविते. फक्त आतल्या मोठ्या रोधामुळे प्रवाह अत्यल्प राहतो. पायात चप्पल असतानाही टेस्टर पेटतो, कारण शरीर आणि जमीन मिळून एक धारित्र तयार होते आणि प्रत्यावर्ती प्रवाहाला तेवढी वाट पुरते. हा शेवटचा मुद्दा शालेय मुलांसाठी नाही, परंतु एखादी चौकस मुलगी नेमका तोच प्रश्न विचारते तेव्हा प्राध्यापकाजवळ उत्तर असावे.

या स्पष्टीकरणाचे महत्त्व केवळ बौद्धिक नाही. २३० व्होल्टवरील १०० वॉटच्या तंतूच्या दिव्याचा पेटलेल्या स्थितीतील रोध सुमारे ५२९ ओहम असतो. ओल्या काळ्या मातीत खोल ठोकलेल्या सळईचा भूसंपर्क रोध काही दशक ओहम, समजा ६० ओहम, असेल तर दिवा जवळपास पूर्ण तेजाने पेटतो आणि सळईवर साधारण २३ व्होल्ट येतात. घरातील माणसे त्या सळईला 'अर्थिंग' म्हणतात आणि तिच्याकडील तार निर्धोक समजतात. सळई मातीत घट्ट असेपर्यंत काही होत नाही. परंतु माती वाळली किंवा नांगराच्या फाळाने तार सुटली आणि ती जोडण्यासाठी कोणी हाताने उचलली, तर जमिनीच्या जागी आता त्या माणसाचे शरीर परिपथात येते. थंड दिव्याचा रोध पेटलेल्या दिव्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असल्याने तो प्रवाहाला फारसा अडवीत नाही. ओल्या त्वचेच्या शरीराचा रोध साधारण १,००० ओहम धरला तर छातीतून जाणारा प्रवाह २०० मिलिअँपिअरच्या आसपास येतो. सुमारे १ मिलिअँपिअरला झिणझिण्या जाणवतात, १० च्या पुढे स्नायू आकसून हात तार सोडीत नाही आणि ५० ते १०० मिलिअँपिअर हृदयाची लय बिघडविण्यास पुरेसे असतात. ज्या तारेला घरातील सर्वजण 'मेलेली' समजत होते, तीच जीव घेणारी ठरते.

आकडा टाकणे हा २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या कलम १३५ नुसार वीजचोरीचा गुन्हा आहे. तथापि वर्गात या कायद्यापासून आरंभ करू नये. समोरच्या मुलांपैकी काहींच्या घरी तो असण्याची शक्यता असते आणि आपल्या वडिलांना चोर ठरविणारा पाहुणा मुलांना नकोसा होतो. प्रश्न 'दुसरी तार कोठे आहे?' एवढाच विचारावा. ज्याला उत्तर सापडेल, तो घरी जाऊन तो विषय आपणहून काढील.

मातीचा परिपथ आणि हातांची साखळी

जमीन ही तार आहे, हे सांगून पटत नाही. ते दाखविता येते, आणि त्यासाठी २३० व्होल्टच्या जवळपासही जाण्याची गरज नाही.

एका प्लास्टिकच्या घमेल्यात शेतातील वाळलेली काळी माती भरावी. तीत वीतभर अंतरावर दोन खिळे खोचावेत. ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी आणि ४७० ओहमचा रोधक एकसर जोडून उरलेली दोन टोके खिळ्यांना लावावीत. रोधक वगळू नये, कारण खिळे एकमेकांना टेकले तर एलईडी तत्काळ निकामी होतो. कोरड्या मातीत एलईडी पेटत नाही. आता मुलांपैकी एकाने तांब्याने हळूहळू पाणी घालावे. ओल दोन्ही खिळ्यांपर्यंत पोहोचली की एलईडी उजळू लागतो. काळी माती चिकणमाती असल्याने ओली असताना ती बऱ्यापैकी सुवाहक असते. मीठही घालावे लागत नाही. मुरूम, वाळू आणि काळी माती अशी तीन घमेली शेजारी ठेवली तर कोणती जमीन अधिक धोक्याची, हे मुले स्वतःच सांगतात. पाणी शिंपडले की दिवा लागतो, हे पाहताना होणारा आनंद आणि ओल्या बांधावर अनवाणी उभे राहण्याविषयीची सावधगिरी या दोन्ही गोष्टी एकाच घमेल्यातून मिळतात.

दुसरा खेळ हातांच्या साखळीचा. बीसी ५४७ जातीचे दोन ट्रान्झिस्टर डार्लिंग्टन पद्धतीने जोडून त्यांच्या बाहेरच्या बाजूला एलईडी आणि ४७० ओहमचा रोधक लावावा. बॅटरीच्या धन टोकापासून १ लाख ओहमच्या रोधकामार्फत एक उघडी तार आणि पहिल्या ट्रान्झिस्टरच्या पायापासून दुसरी उघडी तार बाहेर काढावी. १ लाख ओहमच्या रोधकामुळे शरीरातून जाणारा प्रवाह कोणत्याही स्थितीत ९० मायक्रोअँपिअरहून अधिक होऊ शकत नाही, म्हणजे जाणवण्याच्या मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याहूनही तो कमी असतो. वीस मुलांनी हात धरून गोल करावा आणि दोन टोकांच्या मुलांनी एकेक तार पकडावी. एलईडी पेटतो. गोलातील कोणीही हात सोडला की तो विझतो. कोणी सोडला, हे ओळखण्याचा खेळ मुले कंटाळेपर्यंत चालू द्यावा.

त्यानंतरचा टप्पा या लेखाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. दोनच मुलांनी एकेक तार धरून परस्परांपासून हातभर अंतरावर उभे राहावे आणि हात धरू नयेत. पायांत चपला असताना एलईडी विझलेला राहतो. आता शहाबादी फरशी किंवा मातीची जमीन चांगली ओली करून दोघांनी चपला काढून तीवर उभे राहावे. हात न धरताच एलईडी पेटतो. 'तुमचे हात कोणी धरले?' असा प्रश्न विचारावा. एकाने चप्पल घातली की तो पुन्हा विझतो. विजेच्या तारेवर बसलेला पक्षी सुरक्षित का राहतो, या जुन्या प्रश्नाचे उत्तर यानंतर निराळे समजावून सांगावे लागत नाही : त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात आणि त्याला दुसरी तार मिळालेली नसते.

हा खेळ केवळ बॅटरीवर करावयाचा आहे. मोबाइलचा चार्जर किंवा भिंतीवरील जोडणीवर चालणारा कोणताही अ‍ॅडॉप्टर त्यासाठी वापरू नये, मग त्यावर कितीही कमी व्होल्ट लिहिलेले असोत. स्वस्त अ‍ॅडॉप्टरमधील आवरण बिघडले तर मुख्य वाहिनीचे विभव थेट बाहेर येऊ शकते. आणि या खेळावरून 'वीज निरुपद्रवी आहे' असा ग्रह होऊ नये, म्हणून ९ आणि २३० या दोन आकड्यांतील फरक त्याच तासाला फळ्यावर मांडला पाहिजे.

प्रयोग पाहणे आणि प्रयोग करणे

माणसांच्या साखळीतून वीज नेण्याची कल्पना नवी नाही. १७४६ मध्ये फ्रान्समधील आबे नोले याने राजा पंधराव्या लुईसमोर १८० रक्षकांना हात धरून उभे केले आणि लायडन पात्राचा प्रभार त्यांतून सोडला. सर्वांनी एकदम उडी मारली आणि दरबार खूश झाला. विजेच्या प्रयोगांची परंपरा अशी चमत्काराच्या आणि झटक्याच्या रंजनातून आलेली आहे, आणि तिचा काही अंश आजच्या विज्ञान मेळाव्यांतही शिल्लक दिसतो. सन १८२५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सुरू झालेली नाताळ व्याख्याने, ज्यांना मायकेल फॅरडे यांनी पुढे कीर्ती मिळवून दिली, ही या परंपरेची अधिक विचारी शाखा होय. तरीही तेथे प्रयोग करणारे हात व्याख्यात्याचेच होते.

प्रयोग केवळ पाहिल्याने काय साधते, याची तपासणी हार्वर्ड विद्यापीठातील एरिक माझुर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातील निष्कर्ष आपल्या व्यवसायाला अस्वस्थ करणारा आहे. प्रयोग नुसता पाहिलेल्या विद्यार्थ्यांची समज, तो न पाहिलेल्यांच्या समजेपेक्षा फारशी सरस आढळली नाही. प्रयोगापूर्वी काय घडेल याचा अंदाज ज्यांच्याकडून नोंदवून घेतला, त्यांची समज मात्र वाढली. म्हणजे कळ दाबण्यापूर्वीचा तो अर्धा मिनिट, ज्यात मूल 'पहिला दिवा' किंवा 'दोन्ही सारखे' असे म्हणून स्वतःला बांधून घेते, तोच निर्णायक असतो. ग्रामीण शाळेतील शंभर मुलांच्या सभागृहातही हात वर करून अंदाज घेता येतो. साहित्य अपुरे आहे, ही सबब त्याला लागू पडत नाही.

मुलांनी स्वतः प्रयोग करण्याची चळवळ आपल्या परिसराला अपरिचित नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी १६ शाळांत सुरू केला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो पुढे नेला. शासनाने २००२ मध्ये तो बंद केला, हे दुर्दैवच म्हटले पाहिजे. टेल्को कंपनीतील अभियंता असलेले अरविंद गुप्ता यांनी १९७८ मध्ये एक वर्षाची रजा घेऊन या कार्यक्रमात काम केले. टाकाऊ वस्तूंतून शास्त्रीय खेळणी करण्याची त्यांची वाट तेथून सुरू झाली. पुढे ते दशकाहून अधिक काळ पुण्याच्या आयुका या संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. याच आयुकाचा सहभाग असलेला लायगो-इंडिया हा गुरुत्वीय लहरींचा प्रकल्प आपल्या जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात उभा राहत असून एप्रिल २०२३ मध्ये त्याला केंद्रीय मंत्रिमंडळाची सुमारे २,६०० कोटी रुपयांची मान्यता मिळाली. चार-चार किलोमीटर लांबीच्या भुजांचे ते उपकरण आणि सेफ्टी पिनांवर फिरणारे खेळणे ही दोन्ही एकाच संस्थेच्या कामाचा भाग राहिली, ही गोष्ट हिंगोलीच्या मुलांना अवश्य सांगावी.

सेफ्टी पिनांचे चलित्र

अरविंद गुप्ता यांनी घरोघरी पोहोचविलेले साधे विद्युतचलित्र या खेळांतील सर्वांत लोकप्रिय आहे. घटाच्या दोन टोकांना सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने दोन सेफ्टी पिना घट्ट बसवावयाच्या, घटाच्या पाठीवर चुंबक ठेवावयाचा आणि लेपनयुक्त तांब्याच्या तारेची दहा वेढ्यांची गुंडाळी पिनांच्या छिद्रांत टेकवून बोटाने किंचित ढकलावयाची. ती भिरभिरू लागते.

सारे रहस्य तारेची टोके खरवडण्यात आहे. एका टोकावरील लेप सर्व बाजूंनी काढावा. दुसऱ्या टोकाचा लेप, गुंडाळी उभी धरून, केवळ वरच्या अर्ध्या बाजूचा काढावा. दोन्ही टोके पूर्ण खरवडली तर गुंडाळी चुंबकाकडे वळून डुलते आणि थांबते, कारण अर्ध्या फेरीनंतर बल उलट दिशेने ओढू लागते. अर्धा लेप त्या उलट्या अर्ध्या फेरीत प्रवाह तोडतो आणि गुंडाळी स्वतःच्या वेगाने ती फेरी पार करते. मुलांना आधी पूर्ण खरवडलेली गुंडाळी द्यावी आणि ती का थांबते याचा विचार करू द्यावा. यशाची कृती आधीच हाती दिली तर खेळणे मिळते, पण प्रश्न मिळत नाही.

तार कोठून आणावी? वसमतसारख्या बाजारपेठेच्या गावात जळालेल्या पंपाची मोटार भरून देणारी दुकाने असतात. त्यांच्याकडे नव्या तारेचे उरलेले तुकडे मागावेत. जळालेल्या मोटारीतून काढलेली तार घेऊ नये, तिचा लेप करपलेला असतो आणि वेढे आपसांत जोडले जातात. जुन्या स्पीकरचा चुंबक चालतो. गुंडाळीचा रोध अगदी कमी असल्याने घट लवकर तापतो, म्हणून ती फिरत नसेल तेव्हा लगेच काढून ठेवावी. मोबाइलची किंवा पॉवर बँकेची लिथियम बॅटरी येथे मुळीच वापरू नये, लघुपरिपथ झाल्यास ती पेट घेऊ शकते.

'विहिरीवरची मोटारही अशीच चालते का?' हा प्रश्न येणारच. 'होय' असे उत्तर देण्याचा मोह टाळावा. शेतीपंपाचे त्रिकला प्रवर्तन चलित्र निराळ्या तत्त्वावर चालते. त्यात स्थिर चुंबक नसतो आणि फिरणाऱ्या भागाला बाहेरून वीज दिलेली नसते. तीन कलांमुळे निर्माण होणारे फिरते चुंबकीय क्षेत्र त्याला आपल्याबरोबर ओढते. तीनपैकी दोन तारांची अदलाबदल केली की मोटार उलटी फिरते, हे शेतकऱ्याच्या मुलाला अनेकदा आपल्यापेक्षा आधी माहीत असते. ते त्याच्याकडूनच ऐकून घ्यावे.

स्थितिक विद्युतेविषयी थोडेसे

पीव्हीसी पाइपचा तुकडा कोरड्या लोकरी कापडाने घासून कागदाचे कपटे उचलणे, नळाची बारीक धार वळविणे हे खेळ सर्वपरिचित आहेत. त्यांत ध्यानात ठेवावयाची गोष्ट एवढीच की, ते हवामानाचे गुलाम आहेत. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत डिसेंबरपासून मेपर्यंत ते उत्तम साधतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये शिक्षकाची फजिती करतात. २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन यादृष्टीने सोयीचा पडतो. लिंबाच्या घटाविषयीही एक दुरुस्ती आवश्यक आहे. तांब्याची तार आणि जस्ताचा मुलामा दिलेला खिळा खोचलेल्या लिंबातून सुमारे ०.९ व्होल्ट मिळतात आणि अंधारात तीन-चार लिंबांवर लाल एलईडी मिणमिणतो. ही वीज लिंबातून येत नाही. जस्त विरघळते, त्यातून ती येते. त्याच लिंबात दोन्ही तारा तांब्याच्या खोचून दाखविल्या की मुलांची खात्री पटते.

महाविद्यालयाचा वाटा

राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर हे या कामासाठी उपलब्ध असलेले सर्वांत सोयीचे माध्यम होय. सात दिवसांपैकी तीन सकाळी शाळेला दिल्या तरी सहावी ते आठवीच्या वर्गांना वरील चारही मुख्य खेळ स्वतःच्या हाताने करता येतात. शिबिरार्थी विद्यार्थी केवळ विज्ञान शाखेचे असावेत, असा आग्रह नको. कला शाखेची मुलगी साखळीचा खेळ अधिक रंगवून घेते आणि तिला स्वतःलाही दुसरी तार प्रथमच सापडलेली असते. पूर्वतयारी म्हणून प्रत्येक शिबिरार्थीने पहिला खेळ कोणाच्याही मदतीविना करून पाहिलेला असावा, एवढी एकच अट घालावी.

परतताना साहित्याची पेटी शाळेत ठेवून यावी. तीत घमेल्यातील मातीसाठी खिळे, साखळीचा परिपथ, दहा तंतूचे दिवे, चलित्राच्या तारेचा एक रीळ आणि रोधकांची पुडी असावी. घट पेटीत जोडलेले ठेवू नयेत, ते वेगळ्या डब्यात ठेवावेत. एका उन्हाळ्यात झिरपलेला घट संपूर्ण पेटी गंजवून टाकतो. आणि पेटीच्या झाकणावर आतील बाजूने तुटून पडलेल्या तारेविषयीची सूचना मोठ्या अक्षरांत चिकटवावी : जवळ जाऊ नये, काठीनेही उचलू नये, आपण आधीच जवळ असू तर दोन्ही पाय जुळवून छोट्या छोट्या सरकत्या पावलांनी दूर व्हावे आणि लाइनमनला कळवावे. पावले छोटी का, हे विचारणाऱ्या मुलासाठी ओल्या मातीचे घमेले तेथेच असते. त्यातील खिळे एकमेकांपासून दूर किंवा जवळ खोचून दोन पायांमधील अंतराचा अर्थ त्याला मापता येतो. त्यासाठी एलईडी पुरत नाही, म्हणून पेटीत एक साधा बहुमापक असावा : ९ व्होल्टची बॅटरी दोन टोकांच्या खिळ्यांना जोडून बहुमापकाची दोन टोके मातीत आधी बोटभर आणि मग वीतभर अंतरावर टेकवावीत आणि दोन्ही आकडे मुलाने स्वतः वहीत लिहावेत.